मोडीत गेलेला अडकित्ता

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात अडकित्त्याविषयी समीक्षालेख आलेला पाहून वाचकांस नवल वाटेल. कविता, कादंबरी, आत्मचरित्र, क्वचित एखादे नाटक यांपलीकडे आपली समीक्षा सहसा जात नाही. ज्या वस्तू आपल्या हातांत रोज असतात, ज्यांच्या घडणीत शेकडो वर्षांचे शहाणपण साठलेले असते, त्यांचे गुणदोष सांगण्याची रीत मराठीत रुजलीच नाही. ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवली ती एका ग्रंथप्रकारामुळे, आणि त्याचाच परामर्श घेण्यासाठी हा लेख आहे.

अलीकडे मोठ्या शहरांतील ग्रंथदालनांत एक स्वतंत्र कप्पा असतो. जाड गुळगुळीत कागद, पानभर छायाचित्रे, मजकूर बेताचा, किंमत मात्र भरभक्कम. विषय असा की, सुबक घडणीची हत्यारे-अवजारे, हाताने केलेल्या शोभिवंत वस्तू, जुन्या घरांतील पितळ-तांबे, लाकडी पेट्या, दिवे. हे ग्रंथ प्रायः इंग्रजीत असतात आणि रुचिसंपन्न म्हणविणाऱ्या घरांच्या दिवाणखान्यात टेबलावर ठेवण्यासाठी घेतले जातात. त्यांच्याच शेजारी, त्याच दालनात, त्या ग्रंथांतील वस्तूंसारख्या वस्तूही विक्रीस मांडलेल्या असतात. अशाच एका ग्रंथात आम्ही पोपटाच्या आकाराचा पितळी अडकित्ता पाहिला. काळ्या मखमलीवर ठेवून त्याचे छायाचित्र घेतले होते. खाली धातू, प्रदेश आणि शतक एवढ्या तीन गोष्टी दिल्या होत्या. अडकित्ता देखणा होता यात शंका नाही. परंतु तो सुपारी कातरतो कसा, हे त्या पानावरून कोणासही कळले नसते.

अडकित्त्याविषयी गंभीर अभ्यास झालाच नाही, असे मात्र नव्हे. सॅम्युएल आयलेनबर्ग हे विसाव्या शतकातील थोर गणिती. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते अध्यापन करीत आणि आशियाई कलावस्तू जमविण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्या संग्रहातील अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी १९९२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या आजी-पणजीच्या कनवटीला असणारी वस्तू एका गणितज्ञाच्या अभ्यासिकेत मानाने जाऊन बसली, ही गोष्ट आपणांस सुखावणारी आहे आणि थोडी लाजविणारीही. कारण त्याच सुमारास आपण तिचे काय करीत होतो, हे पुढे सांगावे लागणारच आहे.

प्रथम अडकित्ता म्हणजे काय ते पाहू. शाळेत दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून अडकित्त्याचे नाव घेतात. टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये. खिळीपासून एका बोटावर सुपारी ठेवली आणि सहा बोटांवर मूठ दाबली, तर हाताचा जोर सुमारे सहापट होऊन सुपारीवर पडतो. म्हणून रोठा सुपारीसारखी कठीण वस्तू वृद्ध बाईच्याही मुठीत फुटते. वरच्या दांडीचे पाते धारदार, खालची दांडी बोथट. वरचे पाते लोखंडाचे आणि अंग पितळेचे, अशी जोडणी पुष्कळदा असते. धार धरण्याचा गुण लोखंडात, तर आकार घेण्याचा आणि हाताला न गंजता गुळगुळीत लागण्याचा गुण पितळेत. दोन्ही धातूंना आपापल्या स्वभावाप्रमाणे काम दिलेले. याशिवाय खीळ किती सैल असावी, हाही एक बारकावा आहे. फार घट्ट असली तर बोटे दुखतात, फार सैल असली तर पाते बाजूला सरकते आणि सुपारीचा भुगा होतो.

आता त्याच्या सौंदर्याकडे येऊ. कारागिराने त्या दांडीला पोपटाची मान दिली, घोड्याचा कल दिला, कधी स्त्री-पुरुषांचे युगुल कोरले. चांगल्या अडकित्त्यात पोपटाच्या पाठीचा उंचवटा बरोबर तळव्याच्या खोलगटात बसतो. वाईट अडकित्त्यात त्याच पोपटाची चोच अंगठ्याला टोचते. छायाचित्रात हे दोन्ही पोपट सारखेच सुंदर दिसतात. आमच्या मते या ग्रंथप्रकाराची खरी मर्यादा येथेच आहे. ज्या परीक्षेत वस्तू उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होते, ती परीक्षा त्या पानावर घेताच येत नाही.

यावर तात्त्विक आक्षेप निघेल, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचे मर्म लयीत शोधले. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी बांधलेली संवेदनांची रचना म्हणजे सुंदर वस्तू, असा त्यांचा विचार होता. तिच्यापासून होणारा व्यावहारिक लाभ त्या विचाराच्या कक्षेबाहेर राहतो. त्याआधी कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात दोन प्रकारची सौंदर्ये मानली होती. एक स्वतंत्र, ज्याला कोणत्याही प्रयोजनाची अपेक्षा नाही. दुसरे परतंत्र, जे वस्तू कशासाठी आहे या कल्पनेवर अवलंबून असते. फूल पहिल्या वर्गात, इमारत दुसऱ्या. या दृष्टीने अडकित्त्याचे सौंदर्य परतंत्र ठरते, आणि ‘परतंत्र’ या शब्दामुळेच ते जणू खालच्या पायरीवरचे वाटू लागते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखविले. एक ध्रुव अलौकिकतावादी, कलेला जीवनव्यवहारापासून अलग ठेवणारा. दुसरा लौकिकतावादी, तिला जीवनाशी जोडणारा. या दोन ध्रुवांमधील ताण आपण साहित्यापुरताच समजून घेतला. तो अडकित्त्यावर, विळीवर, तांब्यावर लावून पाहिला असता, तर ध्रुव वेगळे करणे किती अवघड आहे हे अधिक लवकर उमगले असते. पोपटाच्या मानेचा बाक डोळ्यांना लयदार दिसतो आणि तोच बाक मुठीला आधार देतो. यात लय कोठे संपली आणि उपयोग कोठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. मर्ढेकरांचीच परिभाषा वापरावयाची तर संवेदनांच्या यादीत स्पर्श आणि वजन यांनाही जागा आहे. आपल्या समीक्षेने मात्र डोळा आणि कान यांच्यावरच भर दिला.

वस्तूकडे हातासकट पाहावे कसे, याचा वस्तुपाठ एका परकीय जोडप्याने आपल्यालाच दिला होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकांना भारत सरकारने बोलाविले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. अहमदाबादेत १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेमागे त्या अहवालाची प्रेरणा होती. देशभर पाहिलेल्या असंख्य वस्तूंतून त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो साध्या लोट्याचा. तो गौरव विशेषणांनी केलेला नाही, प्रश्नांनी केलेला आहे. लोटा कोण उचलणार, डोक्यावर की कमरेवर, भरलेला असताना तोल कोठे आणि रिकामा असताना कोठे, पाणी कसे ओतले जाते, आतून घासता येतो का, जमिनीवर ठेवताना आवाज कसा होतो, धातूला किंमत किती पडेल, आणि शेवटी मोडीत घातला तर काय मिळेल. हा आकार कोणा एका व्यक्तीने ठरविलेला नाही, अनेक पिढ्यांनी मिळून तो घडविला आहे, असेही त्यांनी नमूद केले. या प्रश्नावलीला आम्ही वस्तुसमीक्षेचा उत्तम नमुना मानतो. छायाचित्रांच्या जाड ग्रंथांत जे सापडत नाही ते या मोजक्या परिच्छेदांत आहे.

त्यांतील शेवटचा, मोडीचा प्रश्न वाचताना आम्ही थबकलो, कारण त्याचे उत्तर आमच्या घरी होते.

पैनगंगा ओलांडून आमचे पूर्वज या जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांच्या बैलगाडीत जे सामान होते त्यात पानाचा डबा आणि अडकित्ता होता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपणांपैकी अनेकांच्या घरी असेच काही ऐकिवात असेल. कोणाकडे समई, कोणाकडे फणीकरंड्याची पेटी, कोणाकडे चंची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले, आपण इकडे राहिलो. सोयरीक तिकडे, शेती इकडे, शाळेची भाषा हळूहळू वेगळी. अशा वेळी या वस्तू हा आपला एक प्रकारे दप्तरखाना होता. त्यांवर लेख नव्हता, परंतु त्या कोणाच्या हातून कोणाच्या हाती आल्या, हे घरातील बायांना ठाऊक होते.

पुढे घरोघरी स्टेनलेस स्टील आले. पितळेला कल्हई लावा, चिंचेने घासा, या कष्टांतून बायकांची सुटका झाली. जुनी भांडी मोडीत घालून नवी घेण्याची लाट उठली. एका दिवाळीपूर्वी आमच्या घरची पितळेची मोड पोत्यात भरून सायकलवरून बाजारात नेण्याचे काम आमच्याकडे आले. पोत्यात आजीचा अडकित्ताही होता. दुकानदाराने वजन करण्यापूर्वी त्यावर हातोडीचे दोन घाव घालून लोखंडी पाते वेगळे केले आणि आमच्या हाती परत दिले. व्यवहार चोख होता, लोखंडाला पितळेचा भाव कोण देणार? आम्ही स्टीलचा डबा आणि ते पाते घेऊन घरी आलो. आजीने एवढेच विचारले, “आता सुपारी कशानं कातरू?” त्यानंतर तयार खांडाची पुडी घरात येऊ लागली.

येथे आपल्या जिल्ह्यातील दुसऱ्या एका परंपरेकडे वळणे भाग आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ च्या विभाजनानंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या उशेगावात ओझा कारागिरांची वस्ती आहे. मेण गाळून पितळ ओतण्याची ढोकरा कला हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाचे बारीक तंतू गुंडाळून नक्षी उठवावयाची, वर पुन्हा मातीचा लेप द्यावयाचा, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही, म्हणून एकासारखी दुसरी कधी होत नाही. गोंडांच्या देवकार्यातील मूर्ती, घंटा, घुंगरू, अंगावरची कडी-तोडे या वस्तूंवर ही कला पोसली. गोंड घराघरांशी या कारागिरांचे नाते होते. हायमेनडॉर्फ यांचा ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा ग्रंथ १९४८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्या समाजाचे दर्शन घडविले, त्यात अशी वस्तू आणि तिचा विधी यांची फारकत करता येत नाही. आजही केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेश्राम कुळाची मंडळी गोदावरीचे पाणी झारीतून पायी आणतात. त्या झारीचे मोल तिच्या नक्षीवर ठरत नाही. तिच्यातून पाणी आणले जाते, यात ते आहे.

आदिलाबाद ढोकरा कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मागणी आता मुख्यतः शहरातून येते आणि ती हत्ती, घोडे, नर्तक, टेबलावर ठेवावयाच्या मूर्ती यांची असते. निर्मलच्या खेळण्यांचीही गत फारशी निराळी नाही. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे भाग चिंचोक्याच्या लगद्याने जोडून, रंगवून केलेली ती फळे, ते पक्षी काचेच्या कपाटात बसतात. मुलाच्या हाती दिले तर रंग उडेल, ही भीती. जे खेळणे खेळावयाचे नाही त्याला खेळणे म्हणावे का, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही.

आमच्याही कपाटात ढोकऱ्याचा एक हत्ती आहे. ढोकऱ्याच्या भट्टीत मोडीचे पितळ वितळविले जाते. आमच्या आजीचा अडकित्ता कोणत्या भट्टीत गेला हे आम्हांस कळणे शक्य नाही, पण त्याचे पितळ फिरत फिरत या हत्तीत आले असेल, ही शक्यता आम्हांस अस्वस्थ करते. जी वस्तू तीन पिढ्यांच्या मुठीत होती ती आम्ही वजनावर दिली, आणि जिला कोणाचा हात लागत नाही ती मोल देऊन आणली. या सौद्यात पितळ तेवढेच राहिले. अडकित्ता धरण्याची, धार लावण्याची, खीळ बेताची ठेवण्याची जाण मात्र हरवली.

कोणी म्हणेल, हा केवळ जुन्याचा उमाळा आहे. तो आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचला की जुन्या व्यवस्थेविषयीचा भाबडेपणा टिकत नाही. लोहार, सुतार, कुंभार यांचे जिणे बलुत्याच्या धान्यावर आणि गावाच्या मर्जीवर बांधलेले होते. सुंदर नांगर घडविणाऱ्याला सुंदर घर मिळत नव्हते. जात्याची पाळी रेखीव असेल, परंतु पहाटेच्या काळोखात ते ओढणारीला त्या रेषेचे कौतुक नव्हते. विळीची रचना अद्भुत आहे. बसणाऱ्याच्या वजनाने पाट स्थिर राहतो, पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. तरी गुडघे दुखणाऱ्या बाईने ओट्यावर सुरी घेतली तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. शिवाय, शहराने हत्ती घेतले नाहीत तर उशेगावातील चुली कशाने पेटतील? दिवाणखान्याची आवड ही आज त्या कारागिरांची रोजी आहे. हे सर्व मान्य करूनच आम्ही बोलत आहोत. स्टील परत देऊन पितळ आणावे, असे आमचे म्हणणे नाही. आपण टाकले काय आणि घेतले काय, याचा विवेक आपल्याजवळ असावा, एवढेच मागणे आहे. तो विवेक देणे हेच समीक्षेचे काम होय.

पुण्यात दिनकर केळकर यांनी हा विवेक एकट्याच्या बळावर दाखविला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, वज्र्या, दिवे, फण्या, दौती, स्वयंपाकघरातील भांडी जमवीत राहिला. लोक मोडीत घालीत होते ते त्याने वेचले. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभारलेला, २०,००० हून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनास दिला. ज्या कारागिरांची नावे कोणी नोंदविली नाहीत त्यांच्या वस्तू जपणाऱ्या कवीने स्वतःसाठीही अज्ञातवास निवडावा, यात एक औचित्य आहे. केळकरांचे ऋण मोठे. तरीही काचेमागे वस्तू वाचते, तिचा वापर वाचत नाही. वज्री पायाला कशी लागत होती, हे काचेला ठाऊक नसते. ती माहिती ज्यांच्याजवळ आहे, ती माणसे आपल्या घरांत आहेत आणि त्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून अभिकल्पविषयक ग्रंथांकडून आमची अपेक्षा अशी आहे. छायाचित्र असावेच, पण त्याखाली धातू, प्रदेश आणि शतक यांबरोबर वजन असावे, कोणत्या हाताने आणि कसे धरावयाचे ते असावे, काय बिघडते आणि ते कोण दुरुस्त करते हे असावे. एखादा दोष असेल तर तोही निःसंकोच लिहावा. केवळ स्तुती करणारा ग्रंथ हा विक्रीचा जाहीरनामा असतो. आणि कारागिराकडे जाताना आपणही अपेक्षा थोडी बदलावी. हत्ती घ्यावयाचा तर घ्यावा, पण सोबत दाराची घंटा, दिवा, कडी असे रोज हाताळण्याचे काहीतरी सांगून करवून घ्यावे. वापरणारा गिऱ्हाईक चुका सांगतो, मांडून ठेवणारा सांगत नाही.

वाचकांसही एक विनंती आहे. आपल्या घरातील एकच वस्तू निवडावी, घरातील वडील मंडळींना विचारून तिचे वर्णन वर सांगितल्या रीतीने एका पानात लिहावे आणि मंडळाकडे पाठवावे. साहित्यिक भाषा नको, साधी नोंद पुरे. आरंभ आम्हीच करतो.

वस्तू : अडकित्त्याचे पाते, पितळी अंगाशिवाय. लोखंडी. लांबी हाताच्या चार बोटांएवढी. एका टोकास खिळीचे भोक, आता एका बाजूने फाटलेले. दुसरी कड हातोडीने वाकलेली. धार मधोमध झिजून किंचित आत गेली आहे, सुपारी नेहमी तेथेच ठेवली जात असे. वापरणारी : आजी, उजव्या हाताने, जेवणानंतर, बोलता बोलता, पात्याकडे न पाहता. दुरुस्ती : धार घरीच दगडावर लावीत. सध्याचा उपयोग : काही नाही. मोडीत घालणारे : आम्ही.